ईस्टरचं अंडं आणि माझं खोडलेलं दीड पान

कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये माझी पहिली जाहीर फजिती एका उकडलेल्या अंड्यामुळे झाली. तुमच्यापैकी जे पेट पास होऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्या हातून नेमकी हीच चूक होण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून ती गोष्ट सांगते.

विषय होता घरगुती सणांमधले खेळ. मी त्यात ईस्टर घेतला होता. तो घेण्याचं कारण सोपं: खेळ भरपूर. घरातल्या सगळ्यांनी बसून अंडी रंगवायची, मोठ्यांनी ती बागेत लपवायची, मुलांनी टोपली घेऊन शोधायची. उतारावरून अंडी घरंगळत सोडायची आणि कुणाचं न फुटता लांब जातं ते बघायचं. दोघांनी अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं शाबूत राहील तो जिंकला. आणि हे सगळं आणून देतो कोण, तर एक ससा. लिहायला मजा येणार हे दिसतच होतं.

सुरुवातीला 'सणाचं मूळ' म्हणून मी दीड पान लिहिलं. त्यात असं होतं: ईस्टर हा मुळात इओस्त्रे नावाच्या प्राचीन वसंतदेवतेचा सण. अंडं हे तिचं सुफलतेचं प्रतीक, ससा हा तिचा पवित्र प्राणी. चर्चने हा सण उचलला आणि त्यावर आपलं नाव लावलं. पुढे मी स्वतःची भर घातली (ती मला फारच आवडली होती): इओस्त्रे हा शब्द आणि आपला 'उषस्' हा शब्द एकाच मुळातून आलेत, म्हणजे ईस्टरचं नातं थेट वैदिक उषेशी पोचतं! टाळ्या पडतील असं वाटलं होतं.

गाइड सर काहीच बोलले नाहीत. मागच्या बाकावरून माझी गोव्याची मैत्रीण म्हणाली, "अगं, पण आमच्या घरी याला ईस्टर म्हणतच नाहीत. आम्ही 'पास्कांचें फेस्त' म्हणतो. मग आमच्या सणात तुझी देवी कुठून आली?"

संपलं. दीड पान त्या एका प्रश्नात खाली बसलं. कसं, ते बघा.

कोकणीतला 'पास्क' पोर्तुगीज 'पास्कोआ'वरून आला. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, ग्रीक, रशियन, सगळ्यांकडे याच घराण्यातले शब्द आहेत. ते मागे जातात लॅटिन आणि ग्रीक 'पास्खा'कडे, आणि तिथून ज्यूंच्या 'पेसाख'कडे. मराठी बायबलमध्ये ज्याला वल्हांडण म्हटलंय तो सण. येशूचं क्रुसावर जाणं आणि पुनरुत्थान या घटना वल्हांडणाच्या दिवसांतल्या, म्हणून ते नाव. 'ईस्टर' म्हणतात ते इंग्लिश, आणि 'ओस्टर्न' म्हणतात ते जर्मन. म्हणजे जवळजवळ सगळा ख्रिस्ती इतिहास ज्या नावाने हा सण ओळखतो ते सोडून, मी उत्तर युरोपच्या एका कोपऱ्यातल्या नावावरून अख्ख्या सणाचं मूळ सांगत होते. त्यात कालक्रमाचाही घोळ. हा सण कोणत्या दिवशी पाळायचा यावरून दुसऱ्या शतकात आशिया मायनर आणि रोममधल्या ख्रिस्ती मंडळींमध्ये वाद चालू होते. ३२५ सालच्या नायसियाच्या धर्मपरिषदेत तो प्रश्न पुन्हा आला. इंग्लंडमध्ये रोमहून पाठवलेले धर्मप्रसारक उतरले ५९७ साली. सण आधी, इंग्लिश नाव नंतर. पाळण्यात घातलेल्या नावावरून बाळाचे पणजोबा ठरवायला निघाले होते मी.

सेमिनार झाल्यावर सरांनी फक्त एवढंच विचारलं: "हे तू कुठे वाचलंस, आणि त्याने कुठे वाचलं?"

या प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. 'मी अमक्या पुस्तकात वाचलं' हे उत्तर आपल्याकडे असतंच. त्या पुस्तकाने कुठे वाचलं, आणि त्याच्या आधीच्याने कुठे, असं करत करत शेवटच्या कागदापर्यंत जायचं, ज्याच्या मागे दुसरा कागद नाही. आपल्याकडे राजवाड्यांनी दुसरं काय केलं? १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला तेव्हापासून त्यांचा हट्ट हाच, की बखर बाजूला ठेवा, अस्सल कागद आणा. बखर खोटीच असते असं नाही. ती उशिरा लिहिलेली असते आणि प्रत्येक हाताने तिच्यात थोडं मीठ टाकलेलं असतं. माझी देवी ही बखर होती. मग मी कागद शोधायला बसले. तीन आठवडे गेले, आणि खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत मी कोर्सवर्कच्या बाकी वर्षापेक्षा जास्त शिकले.

शेवटचा कागद निघाला ७२५ सालचा. लिहिणारा बीड नावाचा इंग्लिश साधू, ईशान्य इंग्लंडमधल्या जॅरोच्या मठातला. त्याचा ग्रंथ कालगणनेवर आहे, आपल्या भाषेत पंचांगाच्या गणितावर. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, आणि ती पौर्णिमा कशी काढायची हा मोठा प्रश्न होता. त्यात १५व्या प्रकरणात तो जुन्या इंग्लिश महिन्यांची नावं देतो. तिथे येतं 'इओस्तुरमोनाथ'. बीड सांगतो की या महिन्याला पूर्वी इओस्त्रे नावाच्या देवीवरून नाव पडलं होतं, तिच्या नावाने या महिन्यात सण व्हायचे, आणि आता लोक पास्खाच्या काळाला त्याच नावाने ओळखतात.

बस. एवढंच. दोन-तीन वाक्यं. अंडं नाही. ससा नाही. वसंत, सुफलता, काही नाही. इओस्त्रे हे नाव घेणारा त्या काळातला दुसरा लेखक नाही.

मग अंडं आणि ससा कुठून चिकटले? १८३५ साली याकोब ग्रिम (हो, परीकथांच्या दोन भावांपैकी थोरला) याने जर्मन पुराणकथांवर मोठा ग्रंथ लिहिला. बीडची इओस्त्रे आणि जर्मन महिन्याचं 'ओस्टारमानोथ' हे नाव जुळवून त्याने 'ओस्टारा' ही जर्मन देवी उभी केली. हे भाषाशास्त्रावरून केलेलं अनुमान होतं, आणि अनुमान म्हणून ते हुशारीचं होतं. १८७४ साली छापलेल्या ग्रंथात आडोल्फ होल्ट्झमान हा अभ्यासक म्हणतो की ईस्टरच्या सशाचा उलगडा आपल्याला होत नाही, पण बहुधा ससा हा ओस्टाराचा प्राणी असावा. त्या वाक्यातलं 'बहुधा' बघून ठेवा. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ते 'बहुधा' गळालं. मग देवीने एका पक्ष्याचं रूपांतर सशात केलं आणि म्हणून तो ससा अंडी घालतो, अशी अख्खी गोष्ट तयार झाली आणि 'प्राचीन दंतकथा' म्हणून छापली जाऊ लागली. मी जे पुस्तक वाचलं होतं ते या साखळीच्या शेपटाला कुठेतरी लोंबकळत होतं.

दर मार्च-एप्रिलमध्ये फोनवर फिरणारं 'ईस्टर म्हणजे इश्तार' हे चित्र या साखळीतलंही नाही. ती वेगळी बखर. अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८५०च्या दशकात रोमन कॅथलिक चर्चवर टीका करायला 'द टू बॅबिलॉन्स' हे पुस्तक लिहिलं, त्यात कानाला सारखे वाटणारे शब्द जोडत जोडत ईस्टर बॅबिलॉनला नेऊन पोचवला. इश्तार हे अक्कडी भाषेतलं, सेमिटिक घराण्यातलं नाव. 'ईस्टर'चा आणि त्याचा संबंध केवळ उच्चाराचा.

आता माझी उषा. इथे गंमत अशी की शब्दाचं नातं खरं आहे. इंग्लिश 'ईस्ट', 'ईस्टर', लॅटिन 'अरोरा', ग्रीक 'इओस' आणि संस्कृत 'उषस्' हे सगळे पहाटेच्या, उजाडण्याच्या अर्थाच्या एकाच जुन्या मुळाकडे जातात. पण शब्दाचं नातं म्हणजे सणाचं नातं नव्हे. आपण आठवड्याच्या एका वाराला शनिवार म्हणतो आणि इंग्लिश माणूस त्याच वाराला रोमन सॅटर्नच्या नावाने ओळखतो. म्हणून सुट्टीच्या शनिवारी कुणी त्या ग्रहाची पूजा करत नसतं.

पण म्हणून उलट्या टोकालाही जाऊ नका. 'बीडने देवी मनाने रचली' असं म्हणणारे अभ्यासकही होऊन गेलेत, आणि माझ्या मते तो उत्साहही फाजील. १९५८ साली जर्मनीत मोर्केन-हार्फ इथे रोमन काळातले दीडशेवर शिलालेख सापडले, 'माट्रोनाए ऑस्ट्रिआहेनाए' नावाच्या मातृदेवतांना वाहिलेले. नावातलं मूळ तेच, पूर्वेचं. फिलिप शॉ यांनी २०११च्या पुस्तकात हा पुरावा घेऊन असं मांडलं की इओस्त्रे ही एखाद्या स्थानिक जनसमूहाची देवी असू शकते, नाव भूगोलावरून पडलेलं. म्हणजे देवी असेलही. तिच्या हातात अंडं मात्र १९व्या शतकातल्या लोकांनी ठेवलं.

देवी गेली, मग अंडी कुठून आली? याचं उत्तर देवळात नाही, स्वयंपाकघरात आहे. माझ्यासाठी हा भाग सगळ्यात रसाळ, म्हणून इथे जरा थांबू.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासाचा काळ असतो, लेंट. मध्ययुगीन पश्चिम युरोपात या काळात मांस तर वर्ज्य होतंच, बऱ्याच ठिकाणी दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य. उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घरातली अंडी संपवायला धिरडी, म्हणजे पॅनकेक, करायचे. इंग्लंडमध्ये तो मंगळवार आजही पॅनकेकचा दिवस. (आषाढातल्या शेवटच्या दिवसाचा आपल्याकडचा उत्साह आठवा. समजायला सोपं जाईल, पण फूटनोटमध्ये घालू नका.) इथवर ठीक. पण माणसाने उपास धरला म्हणून कोंबडी धरत नाही. उलट दिवस मोठा होऊ लागला की कोंबडी जास्त अंडी घालते, कारण तिचं अंडं घालणं उजेडाच्या तासांवर चालतं. कृत्रिम दिव्यांच्या आधीच्या काळात हिवाळ्यात अंडी कमी, वसंतात धो-धो. म्हणजे खायला बंदी आणि आवक भरपूर, हे दोन्ही नेमकं एकाच महिन्यात. घरात अंड्यांचा ढीग. काही उकडून ठेवली जायची, काही उबवायला, काही कुळाकडून जमीनदाराला खंड म्हणून. जर्मन मुलुखात ईस्टरच्या सुमाराला अंड्यांच्या रूपात द्यायची देणी नोंदलेली आहेत. आणि उपास सुटला की पहिलं काय खायचं? समोर असेल ते. १६१४ साली रोमन चर्चने छापलेल्या विधिग्रंथात ईस्टरच्या अंड्यांना आशीर्वाद द्यायची प्रार्थना आहे. ती धर्माची मोहोर. ढीग त्याच्या आधीचा.

याचा एक कागद फार प्रसिद्ध आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या कारकिर्दीच्या १८व्या वर्षाच्या, म्हणजे १२९०च्या, घरखर्चाच्या हिशेबात ईस्टरला अंडी घेतल्याची नोंद आहे: साडेचार शेकडा अंडी, १८ पेन्स. तुम्ही इंटरनेटवर शोधाल तर सापडेल की राजाने ४५० अंडी सोन्याच्या वर्खाने मढवून दरबाऱ्यांना वाटली. आता नोंद परत वाचा. तीत अंडी आहेत आणि पैसे आहेत. वर्ख कुठाय? रंगवून, वर्ख लावून वाटायलाच एवढी घेतली असणार, हा १९व्या शतकाच्या सुरुवातीला ही नोंद उजेडात आणणाऱ्या इंग्लिश अभ्यासकांचा तर्क होता. तर्क वाईट नाही. पण तर्क आणि नोंद यांच्यात टाचणीएवढी तरी फट ठेवायची असते. हिशेबाच्या वहीत नुसती भाजीसाठी घेतलेली अंडीही अशीच दिसतील!

आणि एक बारीक गोष्ट, जी मला फारच आवडते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अंड्यांसारख्या काही जिनसा 'मोठ्या शेकड्या'ने मोजायची रीत होती: सहा विसांचा शेकडा, १२०चा. तसं धरलं तर साडेचार शेकडा म्हणजे ५४०. साध्या शेकड्याने पेनीला २५ अंडी पडतात, मोठ्याने ३०. दोन्ही भाव सरळ बसतात, त्यामुळे नुसत्या भागाकाराने निकाल लागत नाही. पण '४५०' हा आकडा बिनधास्त लिहिण्याआधी त्या वहीत बाकीच्या जिनसा कशा मोजल्यात ते बघायला हवं. मोडीतला पायली-कुडवाचा हिशेब लावताना आपण हेच करतो ना? माप गावाचं असतं.

आता ससा. त्याचा कागद आहे १६८२चा, आणि तो विद्यापीठातल्या वादचर्चेसाठी छापलेला प्रबंध आहे, हे वाचून मला फार आपुलकी वाटली. विषय: ईस्टरची अंडी. लेखक म्हणून नाव येतं गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या हायडेलबर्गच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाचं. डॉक्टरला अंड्यांशी काय देणंघेणं? पोटदुखी! सणाला लोक उकडलेली अंडी वाजवीपेक्षा जास्त खातात आणि आजारी पडतात, ही त्याची काळजी. ते सांगता सांगता तो नोंदवून जातो की आल्सेस आणि आसपासच्या भागात या अंड्यांना 'सशाची अंडी' म्हणतात. ईस्टरचा ससा ती घालतो आणि बागेत गवतात, झुडपांत लपवून ठेवतो असं मुलांना आणि भोळ्या लोकांना सांगतात. मुलं ती शोधत फिरतात आणि मोठ्यांची करमणूक होते.

हा मजकूर परत वाचला तर कळेल, आज जगभर जो खेळ चालतो तो पुरता इथे आहे. लपवणारे मोठे, शोधणारी मुलं, मध्ये एक थाप, आणि थाप मारणाऱ्यांना येणारी मजा. देवीचा मागमूस नाही. लेखक या थापेला जुन्या धर्माचा अवशेषही म्हणत नाही, पोरखेळ म्हणतो.

ससा देवीचा नव्हता असं मला का वाटतं, याचं आणखी एक कारण. अंडी आणणारा प्राणी जागोजाग बदलतो. जर्मनीतच वेस्टफालियाच्या काही भागात कोल्हा आणायचा, थुरिंगियात करकोचा, स्वित्झर्लंडमध्ये कोकिळेच्या जातीचा पक्षी. फ्रान्समध्ये तर प्राणीच नाही: गुरुवारपासून चर्चच्या घंटा गप्प असतात, त्या रोमला उडून गेल्यात आणि परतताना अंडी टाकत येतात असं मुलांना सांगतात. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकापासून चॉकलेटच्या सशाजागी 'बिल्बी' हा तिथला लांब कानांचा प्राणी विकायला आला, कारण बाहेरून आणलेल्या सशांनी तिथल्या रानाची वाट लावली. आईवडिलांना गरज असते ती 'हे आम्ही ठेवलं नाही' असं म्हणायला कुणीतरी मिळण्याची. गावात जो हाताशी, तो उभा केला.

तो जर्मन ससा जगभर कसा गेला याचे कागद मात्र छान मिळतात, कारण तो कुटुंबांबरोबर गेला. १८व्या शतकात जर्मनभाषक शेतकरी पेन्सिल्व्हेनियात स्थायिक झाले, मुलं टोप्यांची घरटी करून सशाची वाट बघू लागली. १८००च्या आसपासचं, योहान कॉनराड गिल्बर्ट या शाळामास्तराचं मानलं जाणारं ईस्टरच्या सशाचं एक चित्र आज अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये १८३३च्या ईस्टरला, ७ एप्रिलला, १३ वर्षांच्या राजकन्या व्हिक्टोरियाने डायरीत नोंद केली की आईने सुंदर रंगवलेली अंडी तयार केली आणि आम्ही ती शोधली. आई जर्मन राजघराण्यातली. पुरावा म्हणून ही नोंद मला एखाद्या शाही फर्मानापेक्षा मोलाची वाटते. मुलीने लिहिलेली, त्याच दिवसाची, आणि कुठलंही मूळ सिद्ध करायची घाई नसलेली.

अंडी घरंगळवण्याच्या खेळाचा उत्तम कागद तर गवतामुळे तयार झाला. वॉशिंग्टनमध्ये ईस्टरच्या सोमवारी कुटुंबंच्या कुटुंबं संसदभवनाच्या उतारावर अंडी सोडायला जमायची. हिरवळीची दुर्दशा झाली, म्हणून १८७६ साली काँग्रेसने त्या मैदानावर खेळायला बंदी करणारा कायदा केला. १८७७ला पावसानेच खेळ बुडवला. १८७८ला मुलं अडवली गेली तेव्हा अध्यक्ष हेज यांनी व्हाइट हाउसचं आवार उघडून दिलं. आजचा मोठा सोहळा तिथून. खेळ चालू असतो तोवर कुणी लिहीत नाही, तक्रार झाली की दफ्तर तयार होतं. तुमच्या विषयातही तक्रारी, दंड, मनाई-हुकूम आधी शोधा.

चॉकलेटच्या अंड्यांवर मी वेळ घालवत नाही. ब्रिटनमध्ये फ्रायने १८७३ला आणि कॅडबरीने १८७५ला बाजारात आणली, पुढचं तुम्हाला दुकानात दिसतंच.

राहिला अंडी आपटण्याचा खेळ. ग्रीसमध्ये, रशियात, इंग्लंडच्या उत्तरेत तो ईस्टरला खेळतात. मी मूळ नोंदवहीत लिहिलं होतं, 'हा खेळ ख्रिस्ती धर्माबरोबर पसरला.' मग कळलं की आसाममध्ये बिहूला हाच खेळ चालतो, त्याला 'कोणी जूज' म्हणतात. ईस्टरशी काही संबंध नाही. आणि नवरोजच्या टेबलावर इराणात, तसंच आपल्या मुंबईतल्या पारशी-इराणी घरांतही, रंगवलेली अंडी असतात. आता यांची एकच वंशावळ काढायची का? मोह होतो. पण घरात कोंबड्या, वसंतात अंडी आणि हातात रिकामी मुलं असली, की दोन अंडी एकमेकांवर आपटून बघायला कुणाच्या परवानगीची गरज नसते. साम्य हा प्रश्न आहे. आपण त्यालाच उत्तर समजतो.

तुम्ही म्हणाल, एवढा काथ्याकूट कशाला, अंडं कुठून का येईना. मलाही आधी तसंच वाटायचं. पण त्या सेमिनारनंतर मैत्रिणीने चहा पिताना जे सांगितलं ते विसरता येत नाही. ती म्हणाली, "दरवर्षी कुणीतरी येऊन सांगतं की तुमचा सण मुळात तुमचा नाहीच. तूही तेच केलंस, फक्त प्रेमाने." आपल्याकडे पाडव्याच्या आठवड्यात गुढीच्या मुळावरून काय काय फिरतं ते तुम्हाला माहीत आहे. 'मुळात' हा शब्द वापरला की आज ते करणारी माणसं चित्रातून बाहेर जातात. मी ते दीड पान खोडलं. त्या जागी आता चार ओळी आहेत आणि सात तळटिपा.

एक गोष्ट मात्र घरी करून बघा, सहा-सात वर्षांची भाचरं असतील तर नक्की. उत्तर इंग्लंडमध्ये ईस्टरच्या अंड्यांना 'पेस एग्ज' म्हणतात (त्यातला 'पेस' म्हणजे तोच पास्खा) आणि ती कांद्याच्या सालींनी रंगवतात. पाच-सहा कांद्यांची कोरडी बाहेरची सालं जमवा. पांढऱ्या कवचाच्या अंड्यावर कोथिंबिरीचं एक पान ओलं करून चिकटवा, त्यावर सालं गुंडाळा, जुन्या सुती कापडाच्या तुकड्यात घट्ट बांधा आणि थंड पाण्यात ठेवून उकळा. पंधरा-वीस मिनिटांनी काढा, गार झाल्यावर सोडा. तांबूस-तपकिरी, मधेच पिवळट, शिरा-शिरांचं अंडं निघतं आणि पानाची पांढरी छाया उमटते. तेलाचं बोट फिरवलं की चकाकतं. कांदा कुठल्या घरात नसतो? महागडा रंग विकत न घेता हे जमतं, हे हाताने केल्यावर पुस्तकातलं वाक्य वेगळं वाचता येतं. (माझं पहिलं अंडं गाठ सैल राहिल्यामुळे नुसतं डागाळलं. भाचीने ते जिंकायला म्हणून निवडलं आणि आपटून माझं फोडलं.)

यंदा मी मैत्रिणीच्या घरी गोव्याला गेले होते. तिची आई ईस्टरला काजूच्या मार्झिपानची अंडी करते. काजू भिजवून, वाटून, साखरेबरोबर मंद आचेवर आटवायचे, गोळा कढईची कड सोडू लागला की उतरवायचा, साच्याच्या दोन अर्ध्यांत दाबायचा, दोन्ही अर्धी जोडायची आणि सांध्यावर आयसिंगची वेल काढायची. प्रत्येकावर घरातल्या एकेका पोराचं नाव. मी विचारलं, "आंटी, हे कधीपासून करता?" त्या म्हणाल्या, "माझी सासू करायची." सासू कुणाकडून शिकली? "ती पणजीला एका घरी कामाला होती, तिथे."

वहीत तारीख, ठिकाण आणि 'मौखिक' असं लिहून घेतलं. साचा जुना आहे, अॅल्युमिनियमचा, आणि त्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी खिळ्याने दोन अक्षरं कोरलीत. ती सासूची नाहीत. आंटींच्या थोरल्या नणंदेला विचारायचं ठरलंय. त्या मेमध्ये मडगावला येणार आहेत.